औषध आले, शब्द कधी येणार?

— तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र) वर्गातील एक विद्यार्थिनी

आपल्या किनाऱ्यावर एखादी होडी ठरल्या वेळी बंदराला लागली नाही, तर सारा कोळीवाडा जागा राहतो. बायका धक्क्यावर येऊन उभ्या राहतात, दुसऱ्या होड्या शोधाला निघतात, देवाला नवस बोलले जातात. परंतु घरातल्या घरात, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसल्या बसल्या जो माणूस हरवतो, त्याच्या शोधाला कोण निघते? तो जेवतो, झोपतो, हाक मारली तर 'ओ' देतो. म्हणून तो आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः तो तेथे नसतो. प्रस्तुत लेख अशाच हरवलेल्या माणसांविषयी आहे, आणि त्यांना परत आणण्याच्या दोन साधनांविषयी आहे: औषध आणि संवाद. ही दोन साधने एकमेकांची वैरी आहेत, असे आपल्याकडे उगाचच मानले जाते. माझे म्हणणे असे की, वर्षानुवर्षे मुरलेल्या नैराश्याला बहुधा दोन्ही लागतात. त्यांपैकी पहिले आपल्या गावांपर्यंत कसेबसे पोचले आहे, दुसरे अजून पोचायचे आहे. आणि ते पोचवण्यात आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा वाटा असू शकतो.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या एका दुपारीत आडव्या झाल्या. श्रीवर्धन तालुक्यातली माझ्या काकांची वाडीही त्यांतच गेली. रोठा सुपारीची ती झाडे आजोबांच्या हातची होती. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या दुपारचा अर्थ कळेल.

पहिले काही महिने काकांनी धडपड केली. पडलेले माड तोडले, पंचनाम्याच्या वेळी उभे राहिले, भरपाईच्या कागदांसाठी हेलपाटे घातले. मग ते हळूहळू थांबले. नेमके कधी थांबले हे घरात कोणालाच सांगता येत नाही. या आजाराचे लक्षणच असे की, त्याचा पहिला दिवस कोणाच्या ध्यानात राहत नाही. पहाटे तीनला जाग येई, मग झोप नाही. मासळीच्या वासाने उठून बसणारा माणूस 'भूक नाही' म्हणू लागला. वाडीकडची खिडकी त्यांनी लावून घेतली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आजी म्हणे, "त्याच्या जिवाला कसला घोर लागलाय, देव जाणे." शेजारी म्हणत, "बाहेरचं काहीतरी असेल." गाऱ्हाणे घालून झाले, अंगारा लावून झाला. एका दवाखान्यात शक्तीची इंजेक्शने झाली, झोपेच्या गोळ्या झाल्या. आम्ही शिकलेली माणसे काय करीत होतो? आम्ही उपदेश करीत होतो. "काका, मन घट्ट करा. तुमच्याहून जास्त नुकसान झालेली माणसे उभी राहिलीच ना?" हे वाक्य मी स्वतः त्यांना म्हटले आहे. आज ते आठवले की मान खाली जाते.

वादळानंतर दोन वर्षांनी घरातल्या एका शिक्षक नातेवाइकांनी हट्टाने त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्या दिवशी आमच्या घरात सुतक असावे अशी शांतता होती. कारण आपल्याकडे त्या वाटेचे एकच नाव आहे: ठाणे! ठाण्याचे मनोरुग्णालय शतकाहून जुने. तेथे बऱ्या होऊन गेलेल्या माणसांची गणती कोणी ठेवली नाही, पण 'ह्याला ठाण्याला धाडायला हवं' ही थट्टा मात्र उरणपासून श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक नाक्यावर ऐकू येते. ही थट्टा किती माणसांना उपचारापासून दूर ठेवते, याचा विचार करणाऱ्याने करावा.

भाषेचे विद्यार्थी म्हणून आणखी एका गोष्टीकडे आपण लक्ष द्यायला हवे. ग्रंथांत या आजाराला नैराश्य, विषाद, अवसाद, खिन्नता अशी नावे आहेत. पण घरात यांतला एकही शब्द कोणी बोलत नाही. घरातली माणसे म्हणतात: जिवाला चैन नाही, कशात मन रमत नाही, अंग मोडून येते, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. स्त्रियांच्या बाबतीत तर हा आजार बहुधा डोकेदुखीच्या, कंबरदुखीच्या आणि अशक्तपणाच्या वेषातच दवाखान्यात येतो, आणि कंबरेचे औषध घेऊन घरी परततो. पुरुषांच्या बाबतीत तो पुष्कळदा दारूच्या आड दडतो. मग लोकांना दारू दिसते, आजार दिसत नाही. बंगलोरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात असे आढळले की, देशातल्या प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार होतो, आणि अशा शंभर आजाऱ्यांपैकी पंच्याऐंशींच्या आसपास माणसांना उपचारच मिळत नाहीत. वीसांत एक म्हणजे, वाचकहो, साठ जणांच्या आपल्या एका वर्गात तीन!

आता औषधाकडे वळू. नैराश्याच्या औषधांचा इतिहास विलायती प्रयोगशाळांतच सुरू होतो असे आपण समजतो. पण त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्याच मातीतला आहे. आपल्या वैद्यांना सर्पगंधा ही वनस्पती पूर्वापार ठाऊक होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचे प्रयोग केले आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. ते जगभर दिले जाऊ लागले, तेव्हा डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली: काही रुग्णांचा रक्तदाब उतरे, पण त्याबरोबर त्यांचे मनही उतरे. रेसरपिनमुळे मेंदूतली सेरोटोनिनसारखी काही द्रव्ये घटतात, असे ध्यानात आले. त्याच सुमारास, क्षयरोगावर दिलेल्या आयप्रोनायझिड या औषधाने खाटेला खिळलेले रुग्ण विलक्षण उत्साही होतात, असे अमेरिकेत आढळले. आणि १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामिन नैराश्यावर गुणकारी असल्याचे दाखवले. या साऱ्यावरून नैराश्याचा संबंध मेंदूच्या रसायनाशी जोडला गेला. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि त्या जातीची, पूर्वीपेक्षा सोसायला सोपी औषधे सर्वत्र पसरली. 'एक द्रव्य कमी पडले म्हणून माणूस खिन्न झाला' हे स्पष्टीकरण आज फारच बाळबोध मानले जाते. परंतु स्पष्टीकरण अपुरे ठरले म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. डॉ. वकिलांच्या हयातीतही सर्पगंधा आधी उपयोगी पडली, तिचे कारण मागाहून उलगडत गेले.

काकांच्या बाबतीत गोळ्यांचा गुण चौथ्या आठवड्यात दिसला. पहिले दोन आठवडे मळमळच वाढली होती. मग एका पहाटे ते पाच वाजेपर्यंत झोपले, आणि आजीने देवापुढे साखर ठेवली. सहा-सात आठवड्यांनी ते नाक्यापर्यंत जाऊ लागले. तेथेच घात झाला. कोणी एकाने त्यांना सांगितले, "असल्या गोळ्यांनी मेंदू बधिर होतो, जन्माची सवय लागते." काकांनी गोळ्या एका दिवसात बंद केल्या. आठवडाभर चक्कर, चिडचिड. आणि दोन महिन्यांत पुन्हा तोच झोपाळा, तीच लावलेली खिडकी.

सवयीची ही भीती कोठून येते? झोपेच्या गोळ्यांच्या काही जातींची सवय लागते, हे खरे आहे. आणि लोक सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत भरतात. नैराश्यावरच्या औषधांची दारूसारखी ओढ लागत नाही, मात्रा वाढवीत न्यावीशी वाटत नाही. मात्र ती एकाएकी तोडली तर शरीर तक्रार करते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागतात. गुण यायला सामान्यतः दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने ती घ्यायची असतात, आणि आजार वारंवार उलटणारा असेल तर वर्षानुवर्षेही. आरंभीच्या आठवड्यांत, विशेषतः तरुण रुग्णांकडे, घरच्यांनी बारीक लक्ष ठेवायचे असते. कारण त्या काळात अस्वस्थता आणि जीव देण्याचे विचार वाढण्याचा धोका असतो. पहिलेच औषध सर्वांना लागू पडते असेही नाही. बदलून पाहावे लागते. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण ही प्रत्येक गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना कोणीतरी निवांत बसून सांगावी लागते. काकांना ती कोणी सांगितली नव्हती. बाहेर रांग होती, आत वेळ नव्हता. म्हणजे पाहा, औषध नीट घेतले जावे म्हणूनसुद्धा आधी शब्दच लागतो!

आता हा शब्द म्हणजे काय? तो उपदेश नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. त्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ बोलतच नाही, तो ऐकतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी मात्र तोही आपल्यासारखेच करून पाहतो: हे तुला शोभत नाही, हृदयाचे हे दुबळेपण टाक आणि ऊठ, असे बजावतो. अर्जुन उठतो का? नाही. 'मी लढणार नाही' म्हणून तो गप्प बसतो. दटावणी प्रत्यक्ष भगवंताची असूनही फुकट गेली! त्यानंतर सुरू होतो तो संवाद. शंका विचारू देणारा, पुन्हा पुन्हा विचारू देणारा, अठराव्या अध्यायापर्यंत चाललेला. गीता हा काही वैद्यकाचा ग्रंथ नव्हे, आणि तो तसा वाचूही नये. पण 'मन घट्ट कर' या वाक्याची मर्यादा आपल्या परंपरेला ठाऊक होती, एवढे त्यावरून खचित दिसते.

आधुनिक काळात या संवादाचे शास्त्र झाले. अमेरिकेत आल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि एरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात असे मांडले की, माणसाला घटना जितकी खचवते तितकाच त्या घटनेचा त्याने लावलेला अर्थ खचवतो. 'वाडी गेली' ही घटना. 'वाडी गेली म्हणजे मी नालायक, आता काही होणे नाही' हा अर्थ. तो अर्थ तपासायला शिकवणे, हे उपचारकाचे काम. एलिस यांची पद्धती मराठी माणसाला परकी राहिलेली नाही. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि आपल्याकडे रुजवली. ज्या ठाण्याच्या नावाने आपण थट्टा करतो, त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली. आपल्याच जिल्ह्यात, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवते. त्या कार्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा 'हे सगळे परदेशी खूळ आहे' असे म्हणायला जागा नाही.

काकांचे दुसऱ्यांदा उपचार सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडेही पाठवले. आम्हांला वाटले, त्या बाई बालपण उकरतील. त्यांनी विचारले, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत?" काका म्हणाले, "काही नाही." त्या म्हणाल्या, "मग उद्या एकच करा. दोन झाडांना पाणी घाला. बरं वाटेल म्हणून घालू नका. ठरलंय म्हणून घाला." दोनाची चार झाडे झाली. खिडकी उघडली. मग हळूहळू त्या 'मी नालायक' या अर्थाकडे वळल्या. पंधरा दिवसांनी एकदा प्रवास, पुढे पुढे फोनवर बोलणे, असे वर्षभर चालले. गोळ्या चालूच होत्या. एकदा काकांनीच मला समजावले, "वाडीचा पाट गाळाने भरला होता, बाळ. गोळ्यांनी गाळ निघाला. पण पाणी सोडायला हात मलाच लावावा लागला." एवढे चांगले स्पष्टीकरण मला अजून कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडलेले नाही.

शास्त्राचा पुरावाही याच बाजूचा आहे. मे २००० मध्ये अमेरिकेच्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात दीर्घकालीन नैराश्याच्या ६८१ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना केवळ औषध दिले, काहींवर केवळ संवादाचे उपचार केले, काहींना दोन्ही दिले. बारा आठवड्यांनी केवळ औषधाच्या गटात ४८ टक्के रुग्णांना गुण आला होता, केवळ संवादाच्या गटातही ४८ टक्के. आणि दोन्ही मिळालेल्या गटात ७३ टक्के! प्रयोगाला औषध कंपनीचा पैसा होता, आणि ते विशिष्ट औषध पुढे यकृताच्या विकारांमुळे मागे पडले, हेही सांगितले पाहिजे. शंभरांपैकी सत्तावीस जणांना दोन्ही मिळूनही पुरेसा गुण आला नाही, हेही विसरू नये. परंतु 'गोळी की बोलणे' हा वाद किती पोकळ आहे, ते या आकड्यांतून दिसते.

मग अडचण कोठे आहे? अडचण अंतराची आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. तो जिल्ह्यांपर्यंत नेण्याची योजना १९९६ पासून आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर हे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्कच ठरवला. कागद उत्तम आहेत. पण श्रीवर्धनहून अलिबागला जायचे म्हणजे दिवस मोडतो. दिघीची फेरीबोट धरा नाहीतर माणगावचा वळसा घ्या. गोळी महिन्याची एकदम आणता येते. संवाद महिन्याचा एकदम आणता येत नाही. म्हणून गोळी गावात येते आणि शब्द शहरातच राहतो.

यावर उपाय शोधायला फार दूर जायला नको. आपल्याच किनाऱ्याने दक्षिणेला उतरले की गोवा लागतो. तेथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. त्यांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठकी करायच्या. आणि बैठकीत मुख्यतः तेच करायचे जे त्या बाईंनी काकांसाठी केले: थांबलेला दिवस लहान लहान कामांनी पुन्हा हलता करायचा. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी ज्यांना या बैठकी मिळाल्या, त्यांतले ६४ टक्के तीन महिन्यांत आजारातून बाहेर आले. ज्यांना केवळ केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले, त्यांतले ३९ टक्के.

यावर कोणी म्हणेल, अर्धवट शिकलेल्यांच्या हाती माणसाचे मन द्यावे काय? आक्षेप रास्त आहे. गोव्यातही तसे दिले नव्हते. बैठका ध्वनिमुद्रित होत, समुपदेशक त्या एकमेकांच्या तपासत, वर तज्ज्ञांची देखरेख असे. औषध देणे, आजाराचे निदान करणे, जिवावर उठलेल्या रुग्णाला सांभाळणे ही तज्ज्ञांचीच कामे आहेत आणि राहतील. दुसरा कोणी म्हणेल, पूर्वी वाडे होते, गोतावळा होता, तेव्हा कोठे होते हे समुपदेशक? पण काकांच्या भोवती गोतावळा होताच. आम्ही सारे होतो. प्रेम भरपूर होते. ऐकायचे कसे, हे मात्र कोणालाच येत नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी. दरवर्षी आपल्या महाविद्यालयातून मानसशास्त्र, समाजशास्त्र, मराठी घेऊन कितीतरी मुले-मुली पदवीधर होतात आणि 'कलेच्या पदवीचा उपयोग काय' हा प्रश्न घेऊन घरी बसतात. त्यांतल्या इच्छुकांना जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी जोडून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असे प्रशिक्षण का देऊ नये? त्यांना थळची बोली येते, मुरूडची येते. जिवाला चैन नाही म्हणजे काय, ते त्यांना भाषांतराशिवाय कळते. प्रशिक्षित माणसाला मानधन द्यावे आणि गावच्या आरोग्य केंद्रात बसवावे. हे काम शासनाचे आहे. पण मागणी कोणीतरी केली पाहिजे, आणि मागणी करण्याआधी आपण तयारी दाखवली पाहिजे. आमच्या प्राध्यापकांनी पुढील वर्षी यासाठी एक अभ्यासवर्ग सुरू करावा, अशी त्यांना विनंती. तोपर्यंत निदान एवढे करता येईल: १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आपल्या वाचनालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावा. त्यावर मराठीत बोलता येते.

काका आज कसे आहेत? पूर्ण बरे झाले असे मी लिहिणार नाही. पावसाळ्याच्या तोंडी वारा सुटला की ते अजून गप्प होतात. गोळी चालू आहे. पण रोपे लावली आहेत, आणि ती फळ धरतील तेव्हा मी या महाविद्यालयात नसेन.

हा लेख त्यांच्या संमतीने लिहिला आहे. "माझं नाव घाल हवं तर," असेही ते म्हणाले. आजी मात्र नको म्हणाली. घरात लग्नाच्या मुली आहेत, लोक काय म्हणतील! म्हणून मी त्यांचे नाव लिहिले नाही, आणि माझेही नाही. काकांना हाडाचा आजार झाला असता, तर हा प्रश्नच आला नसता. ज्या वर्षी असा लेख नावानिशी छापता येईल, त्या वर्षी आपल्या किनाऱ्यावर शब्द पोचला असे समजावे.